शरीराचा जमाखर्च

संध्याकाळी मैदानावरून खेळून तुम्ही घरी येता. हातपाय धुता न धुता तोच स्वयंपाकघरात डोकावता आणि विचारता, "अम्मी, काही खायला आहे का?" अम्मी म्हणते, "अरे, दुपारी तर पोटभर जेवलास! इतक्यात पुन्हा भूक लागली?" तुम्ही म्हणता, "लागली." अम्मीला वाटते, हा खोडी काढतो आहे. तुम्हांला वाटते, अम्मीला आपली भूक कळत नाही.

यात खरे कोणाचे? हे भांडून ठरणार नाही. हिशेब करून ठरेल.

'हिशेब' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. उर्दूतला 'हिसाब' तो हाच. 'जमा' आणि 'खर्च' हे शब्दही तुमच्या घरात रोज बोलले जातात. मराठीने ते कधीच आपलेसे केले आहेत. दुकानदार रात्री वही उघडून बसतो. एका बाजूला जमा लिहितो, दुसऱ्या बाजूला खर्च लिहितो. शरीराचीही अशीच एक वही असते. आपण जे खातो ते जमेच्या बाजूला आणि शरीर जे काम करते ते खर्चाच्या बाजूला. ही वही कोणी लिहीत नाही, पण तिच्यातली एकही नोंद चुकत नाही.

दुकानाचा हिशेब रुपयांत होतो. शरीराचा हिशेब कॅलरीत होतो. मराठी पुस्तकांत तिला 'उष्मांक' असेही म्हणतात. उष्मा म्हणजे उष्णता. एक लिटर पाणी चुलीवर ठेवून त्याचे तापमान एका अंशाने वाढवायचे, तर जेवढी उष्णता लागेल तेवढी उष्णता म्हणजे अन्नाच्या हिशेबातली एक कॅलरी. शास्त्राच्या पुस्तकात हिला किलोकॅलरी म्हणतात, कारण तेथे कॅलरी हे याहून हजारपट लहान माप आहे. बोलताना मात्र सगळे नुसते कॅलरीच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

पण अन्नाचा आणि उष्णतेचा संबंध काय? भाकरी खाल्ल्यावर पोटात जाळ थोडाच पेटतो? हाच प्रश्न फ्रान्समधील लाव्हाझिए या शास्त्रज्ञाला पडला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिस शहरात त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने मिळून एक युक्ती केली. गिनीपिग नावाचा सशाएवढाही नसलेला एक लहान प्राणी त्यांनी एका भांड्यात ठेवला. भांड्याच्या चारही बाजूंनी बर्फ भरला. प्राण्याच्या अंगातल्या उष्णतेने बर्फ वितळू लागला. किती पाणी झाले ते त्यांनी मोजले. त्यावरून प्राण्याने किती उष्णता बाहेर टाकली ते समजले. मग त्यांनी प्राण्याचा श्वास आणि जळणारा कोळसा यांची तुलना केली. लाव्हाझिए म्हणाला, श्वास घेणे म्हणजे हळूहळू जळणेच आहे. आपल्या शरीरात ज्वाळा दिसत नाही, पण अन्न आणि हवा यांचा मेळ तेथेही होतो आणि त्यातून उष्णता व शक्ती निर्माण होते.

पुढे शंभर-एक वर्षांनी अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने प्राण्याऐवजी माणूसच घेतला. त्याने एक लहानशी बंद खोली तयार करवली. माणूस तीत काही दिवस राहत असे. तो तेथेच जेवायचा, तेथेच झोपायचा आणि एका जागी उभ्या असलेल्या सायकलीवर पाय मारायचा. खोलीतून नळ्या फिरवल्या होत्या. नळ्यांतल्या पाण्याने जेवढी उष्णता वाहून नेली तेवढी मोजली जाई. माणसाने खाल्लेले अन्नही वजन करून दिले जाई. दोन्ही बाजू जुळल्या. शरीराची वही खोटे बोलत नाही, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

अ‍ॅटवॉटरच्या कामातून तीन आकडे मिळाले. ते आजही वापरतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर यांपासून शरीराला ४ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम प्रथिनांपासूनही ४ मिळतात. तेल, तूप, चरबी या स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९ मिळतात. म्हणून तर तळलेला पदार्थ आकाराने लहान असला तरी हिशेबात मोठा ठरतो.

आता खर्चाची बाजू पाहू. ती समजायला जरा लक्ष द्यावे लागेल.

तुम्हांला वाटत असेल, की शरीराचा खर्च खेळताना होतो आणि झोपेत काहीच होत नाही. तसे नाही. तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हाही हृदय चालू असते, श्वास चालू असतो, मेंदू काम करतो आणि अंग ऊबदार राहते. घरात कोणी नसले तरी भाडे द्यावेच लागते ना? तसा हा खर्च. आपल्या एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग बहुतेकांच्या बाबतीत या भाड्यातच जातो.

हे भाडे किती, ते काढण्याचे एक सूत्र जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी १९८५ साली दिले. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ते असे आहे : वजनाच्या किलोंना १७.५ ने गुणा आणि त्यात ६५१ मिळवा. मुलींसाठी वजनाला १२.२ ने गुणा आणि ७४६ मिळवा. जे उत्तर येईल तेवढ्या कॅलरी नुसत्या पडून राहायला चोवीस तासांत लागतात.

समजा, एका मुलाचे नाव अन्वर आहे. तो आठवीत शिकतो. त्याचे वजन ४० किलो आहे. तो रोज संध्याकाळी एक तास फुटबॉल खेळतो. ४० ला १७.५ ने गुणले की ७०० येतात. त्यात ६५१ मिळवले की १३५१ होतात. हे झाले चोवीस तासांचे भाडे. २४ ने भागले, तर तासाला सुमारे ५६ कॅलरी पडतात. हा ५६ आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

अन्वर नुसता पडून राहिला तर तासाला ५६ खर्च होतात. तो काही काम करू लागला, की खर्च काही पटींनी वाढतो. वर्गात बसून लिहिणे-वाचणे म्हणजे दीडपट. घरातली किरकोळ कामे, अंघोळ, दुकानातून सामान आणणे म्हणजे साधारण अडीचपट. साधे चालणे म्हणजे तिप्पट. फुटबॉल खेळणे म्हणजे सुमारे सातपट. जोरात दोरीवरच्या उड्या मारल्या तर त्याहूनही अधिक. शास्त्रज्ञांनी माणसांच्या श्वासातला प्राणवायू मोजून ही पटींची यादी केली आहे.

आता अन्वरचा एक दिवस घेऊ. तो ८ तास झोपतो. त्याचे ८ गुणिले १, म्हणजे ८ भाग. शाळेत ६ तास बसतो. त्याचे दीडपटीने ९ भाग. घरी अभ्यास, जेवण आणि गप्पा यांत ५ तास बसून जातात. त्याचे साडेसात भाग. किरकोळ कामांत ३ तास जातात. अडीचपटीने त्याचेही साडेसात भाग. शाळेत चालत जाणे-येणे मिळून एक तास, त्याचे ३ भाग. फुटबॉलचा एक तास, त्याचे ७ भाग. तासांची बेरीज करून पाहा. ती २४ च आली पाहिजे. भागांची बेरीज ४२ येते. ४२ ला ५६ ने गुणले, की २३५२ येतात.

अजून एक खर्च राहिला. अन्वर वाढत आहे. गेल्या ईदला शिवलेला पायजमा या ईदला तोकडा झाला आहे. नवे हाड, नवे मांस शरीर उधारीवर तयार करत नाही. वर्षाला पाच किलो वजन वाढत असेल, तर त्यासाठी रोज सुमारे २८ कॅलरी बाजूला पडतात. आकडा लहान आहे, पण तो द्यावाच लागतो. तेव्हा अन्वरचा दिवसाचा खर्च झाला सुमारे २३८०.

येथे एका चुकीकडे तुमचे लक्ष वेधतो. भलेभले ही चूक करतात. फुटबॉलच्या तासाला ७ गुणिले ५६, म्हणजे ३९२ कॅलरी खर्च झाल्या. मग खेळणाऱ्या मुलाला न खेळणाऱ्या मुलापेक्षा ३९२ कॅलरी जास्त लागतात असे म्हणायचे का? नाही. कारण अन्वर खेळला नसता तर त्या तासात तो हवेत विरून गेला नसता! तो कोठेतरी बसला असता आणि बसूनही त्याने दीडपट, म्हणजे ८४ कॅलरी खर्च केल्याच असत्या. ३९२ मधून ८४ वजा करा. उरले ३०८. फुटबॉलचा खरा जादा खर्च एवढाच. व्यायामाची यंत्रे आणि घड्याळे जे आकडे दाखवतात, त्यांत पुष्कळदा हे वजा केलेले नसते. त्यांच्यावर विसंबून जेवणारा माणूस तेवढा फसतो.

३०८ म्हणजे नेमके किती अन्न? आता जमेची बाजू उघडू.

मध्यम आकाराच्या एका चपातीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. तिच्यापासून सुमारे १०० कॅलरी मिळतात. ज्वारीची एक भाकरी दुप्पट पिठाची असते, म्हणून तिच्या सुमारे २०० धरा. शिजलेल्या भाताची एक वाटी १७०. फोडणी दिलेल्या घट्ट वरणाची एक वाटी १४५. चमचाभर तेल ४५. चमचाभर साखर २०. एक केळे १००. एक उकडलेले अंडे ७५. गाईच्या दुधाचा एक पेला १३०. म्हशीचे दूध असेल तर दोनशेच्या वर. मूठभर भाजलेले शेंगदाणे १४०. गुळाचा लहान खडा ४०. हे आकडे काटेकोर नाहीत. प्रत्येक घरची चपाती वेगळी आणि प्रत्येकाची मूठही वेगळी. पण अंदाज बांधायला ते पुरेसे आहेत.

म्हणजे एक तास फुटबॉल हा तीन चपात्यांचा खेळ आहे. ऐकून थोडे हसू येते, पण हिशेब तोच सांगतो.

अन्वर दिवसभरात काय खातो? सकाळी एक कप चहा आणि दोन चपात्या, झाल्या २६०. मधल्या सुट्टीत एक केळे, १००. दुपारी तीन चपात्या, एक वाटी वरण, एक वाटी भात आणि थोडी भाजी, मिळून ७३५. संध्याकाळी चहा आणि दोन बिस्किटे, १२०. रात्री तीन चपात्या, एक वाटी भात आणि सालन, मिळून ६७०. बेरीज करा. १८८५ येते.

जमा १८८५ आणि खर्च २३८०. रोज ४९५ कॅलरींची तूट!

आता सांगा, भूक खरी होती की खोटी? अन्वर स्वयंपाकघरात उगाच डोकावत नव्हता. त्याच्या शरीराची वही त्याला तेथे पाठवत होती. अम्मीही चुकली नव्हती. तो दुपारी खरोखरच पोटभर जेवला होता. पण पोट भरणे आणि हिशेब भरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

ही तूट भरायला हॉटेलात जावे लागत नाही. खेळून आल्यावर मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि पेलाभर दूध. झाल्या ३१०. सकाळच्या न्याहारीत एक अंडे आणि एक चपाती जास्त. झाल्या १७५. एकूण ४८५. दहा कॅलरी कमी पडल्या, त्यांची चिंता करू नका. दूध रोज परवडत नसेल तर शेंगदाणे थोडे वाढवा. भिजवलेले हरभरे किंवा चणे-फुटाणेही चालतात. पैलवानांच्या गोष्टी ऐकून बदामासाठी हट्ट धरू नका. शेंगदाणा आणि बदाम यांच्या कॅलरींत फारसा फरक नाही. फरक भावात आहे.

थंड पेयाची एक लहान बाटली प्यायली तरी सव्वाशेच्या आसपास कॅलरी मिळतात, मग शेंगदाणे का खायचे, असे कोणी विचारील. मिळतात खऱ्या, पण त्या बाटलीत साखरेशिवाय काही नसते. शेंगदाण्यात प्रथिने असतात. मांस आणि स्नायू त्यांच्यापासून घडतात. भिंत बांधायला नुसते पाणी आणून चालत नाही, विटाही लागतात.

हैदराबादमध्ये राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती आपल्या देशातील लोकांच्या आहाराचा अभ्यास करते. या संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली कोणाला किती कॅलरी लागतात याचे तक्ते प्रसिद्ध केले. तेरा ते पंधरा वर्षांच्या, ५०.५ किलो वजनाच्या मुलाला त्यात २८६० कॅलरी सांगितल्या आहेत. त्याच वयाच्या, ४९.६ किलो वजनाच्या मुलीला २४०० सांगितल्या आहेत. अन्वर त्या मुलापेक्षा दहा किलोंनी हलका आहे, म्हणून त्याचा आकडा कमी आला. तुमचे वजन वेगळे असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल. कोणाचा आकडा पाहून कोणी जेवू नये.

मुलींच्या हिशेबाबद्दल थोडे वेगळे सांगावेसे वाटते. अन्वरची बहीण नसरीन तेरा वर्षांची आहे. तिचे वजन ४२ किलो आहे. सूत्राने तिचे भाडे १२५८ येते, म्हणजे तासाला सुमारे ५२. ती शाळेत एक तास धावण्याचा खेळ खेळते. शिवाय घरी झाडलोट करते, पाणी भरते, भांडी घासते. लोक याला काम म्हणतात, व्यायाम म्हणत नाहीत. पण शरीराच्या वहीत असा भेद नाही. झाडू मारणे आणि पाणी वाहणे यांत तिप्पट आणि कधी चौपट खर्च होतो. अशी तीन तासांची घरकामे धरली, तर नसरीनचा खर्च बावीसशेच्या वर जातो. भावाच्या खर्चात आणि तिच्या खर्चात दीडशेचाच काय तो फरक, म्हणजे दीड चपातीचा. सगळ्यांना वाढून उरले तर ती जेवते, अशी ज्या घरात रीत आहे, त्या घराने ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

काही मुलेमुली याच्या उलट करतात. बारीक दिसावे म्हणून न्याहारी सोडतात, रात्रीचे जेवण टाळतात आणि त्यातच जोराने व्यायाम सुरू करतात. त्यांनी पुढची हकीकत वाचावी. ती घडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा कसे सावरावे, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. तेव्हा १९४४ च्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. ३६ धडधाकट तरुण त्यासाठी आपणहून पुढे आले. माणसे मारणे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून त्यांनी लढाईवर जाण्यास नकार दिला होता. पण लोकांच्या उपयोगी पडावे अशी त्यांची इच्छा होती. पहिले तीन महिने त्यांना रोज सुमारे ३२०० कॅलरींचे जेवण मिळाले. पुढचे सहा महिने ते निम्म्यावर, म्हणजे सुमारे १५७० वर आणले. चालणे मात्र कमी केले नाही. आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचेच, असा नियम होता.

काय झाले? सहा महिन्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. हृदयाचे ठोके मंदावले. जिना चढताना दम लागू लागला. मांडीचे मांस इतके झडले, की बाकावर बसताना खाली उशी घ्यावी लागे. हसरी माणसे चिडखोर झाली. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी ताट चाटू लागला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांच्या शरीराचे 'भाडे'च सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरले. जमा कमी झाली, तसा शरीराने खर्चाला कात्री लावली. दिवा मोठा होता, त्याची वात बारीक केली.

ते लोक मोठे होते. त्यांची वाढ पूर्ण झालेली होती. वाढत्या वयात अशी कात्री लागली, तर शरीर खर्चाच्या इतर बाबींबरोबर वाढीचा खर्चही कापते. उंचीला लागणाऱ्या त्या २८ कॅलरी आठवतात ना? मोठ्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे कमी खाऊन वजन उतरवावे, हे ठीक आहे. तुमच्या वयाला ते लागू नाही. तुमच्या वयात कोणाचे वजन खरोखरच फार असेल, तर डॉक्टरांना विचारावे. स्वतःच उपास सुरू करू नये.

आता जास्त खाणाऱ्यांविषयी. 'तालीम' हा शब्द तुम्ही शिक्षणाच्या अर्थाने वापरता. मराठीत मात्र तालीम म्हणजे पैलवानांची व्यायाम करण्याची जागा. शब्द एकच, अर्थ दोन. आणि विचार केला तर दोन्हीकडे शिकणेच चालते. कोल्हापूरच्या तालमी प्रसिद्ध आहेत. कुस्तीत १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून देणारे खाशाबा जाधव आपल्याच महाराष्ट्रातले. पैलवान सकाळी शेकडो जोर-बैठका काढतात, लाल मातीत लढत करतात आणि दूध, तूप, बदाम असा भरपूर खुराक घेतात. 'खुराक' हाही फारसीतून आलेला आपला दोघांचा शब्द. तो खुराक त्यांना शोभतो, कारण तो जोर-बैठकांत खर्च होतो. पण कुस्ती सुटते आणि खुराकाची सवय सुटत नाही, तेव्हा काय होते ते तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या पैलवानाच्या पोटाकडे पाहून ओळखाल. न खर्चलेली जमा शरीर फेकून देत नाही. ते ती चरबीच्या रूपाने साठवते.

मोठ्यांचेही तसेच. २०२० च्या त्याच तक्त्यात ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठे काम असेल तर २११० कॅलरी, मध्यम काम असेल तर २७१० आणि जड काम असेल तर ३४७० सांगितल्या आहेत. मशीनवर कपडे शिवणारा शिंपी पहिल्या गटात येतो. मालेगाव किंवा भिवंडीत मागावर दिवसभर उभा राहणारा विणकर दुसऱ्या गटात येतो. घणाचे घाव घालणारा लोहार तिसऱ्या गटात येतो. लोहाराची भाकरी शिंप्याने खाल्ली तर ती अंगावर चढेल. शिंप्याची भाकरी लोहाराला दिली तर घण उचलणार नाही.

तुमचे अब्बा बैठे काम करत असतील आणि डॉक्टरांनी त्यांना रोज तासभर भरभर चालायला सांगितले असेल, तर त्यांचाही हिशेब करून द्या. भरभर चालणे चौपट, बसणे दीडपट. फरक अडीच पटींचा. ६५ किलोच्या माणसाचा तासाचा खर्च साधारण ६५ धरला, तर जादा खर्च सुमारे १६० होतो. चालून परत येताना कोपऱ्यावर एक समोसा खाल्ला तर अडीचशेच्या आसपास जमा झाल्या. चालणे वाया गेले असे नाही, त्याने हृदय बळकट होतेच. पण वजन मात्र उतरणार नाही. हे अब्बांना हळूच सांगा. समोशासमोर सांगू नका.

रमजानमध्ये हा हिशेब कसा करायचा, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रोज्याने चोवीस तासांचा खर्च नाहीसा होत नाही. फक्त जमा करण्याची वेळ बदलते. दिवसभराची जमा इफ्तार, रात्रीचे जेवण आणि सहरी यांत वाटावी लागते. सहरी टाळून रोजा धरणारा मुलगा दुपारी गळून जातो, कारण रात्रभर यकृतात साठलेली साखर सकाळपर्यंत बरीचशी संपलेली असते. सहरीला पोळी, डाळ, अंडे, दही असे हळूहळू पचणारे अन्न बरे. इफ्तारला तीन खजूर खाल्ले तर सुमारे ७० कॅलरी आणि त्याही लवकर अंगी लागणाऱ्या. भज्यांच्या ताटाने मात्र पोट लगेच भरते आणि जेवण मागे राहते. पाण्याची उणीव कॅलरींनी भरून निघत नाही, म्हणून इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे पीत राहावे. भर उन्हात खेळू नये. खेळायचेच असेल तर इफ्तारच्या थोडे आधी हलके खेळावे किंवा रात्री खेळावे. चक्कर आली तर खेळ तेथेच थांबवावा आणि मोठ्यांना सांगावे.

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे धरून सामने खेळला. त्या महिन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून तेथे त्याचीच निवड झाली. पण तो मोठा, पूर्ण वाढलेला, रोज सराव करणारा खेळाडू होता. त्याचे पाहून एकदम तसे करायला जाऊ नका.

शेवटी एक प्रश्न राहतो. हा सगळा अंदाज आहे. चपाती लहानमोठी असते, पटींची यादी परक्या देशांतली आहे आणि आपल्याकडच्या लोकांचे 'भाडे' त्या सूत्राहून थोडे कमीच भरते. मग आपला हिशेब बरोबर की चूक, हे कसे कळायचे? त्यासाठी शाळेतला किंवा दवाखान्यातला वजनकाटा वापरायचा. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, चपला काढून वजन करा आणि वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. रोज वजन करू नका. पेलाभर पाणी प्यायले तरी काटा हलतो आणि मन उगाच वरखाली होते. सहा महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले, की वाचा. तुम्ही वाढत्या वयाचे आहात, म्हणून आकडे हळूहळू चढत गेले पाहिजेत. उंचीही त्यांच्याबरोबर लिहा. वजन एका जागी थांबले असेल आणि खेळ चालू असेल, तर जमा कमी पडते आहे. अशा वेळी ती वही अम्मीला दाखवा आणि मग विचारा, काही खायला आहे का?